पडक्या कारखान्यात घर उभारताना

गावाबाहेर वापराविना पडून राहिलेली पाणचक्की, कातडी कमावण्याचा कारखाना, वीटभट्टी, धान्याचे गोदाम किंवा लहानशी सूतगिरणी यांची पडझड जवळजवळ एकाच क्रमाने होते. आधी छप्पर जाते, मग मजल्यांच्या तुळया कुजून खाली येतात आणि शेवटी माथ्यावर झुडपे वाढलेल्या उघड्या भिंती तेवढ्या उरतात. अशी वास्तू घरासाठी घेणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच विचार येतात: ती पाडून तिथे नवे बांधावे, किंवा ती पूर्वी होती तशी हुबेहूब उभी करावी. पहिल्या मार्गाने वास्तू नाहीशी होते आणि दुसऱ्या मार्गाने खोटी वास्तू तयार होते, कारण पडून गेलेला भाग नेमका कसा होता हे सांगणारे काहीच शिल्लक नसते. तिसरा मार्ग असा, की उरलेल्या भिंती आहेत तशा स्थिर कराव्यात, स्वतःचे वजन पेलण्यापलीकडे त्यांच्यावर कोणतेही काम सोपवू नये आणि राहण्याचे घर त्यांच्या आत, स्वतंत्र पायावर व स्वतंत्र सांगाड्यावर उभे करावे. हा लेख त्या तिसऱ्या मार्गाविषयी आहे.

या विचाराला जुना आधार आहे. वास्तुसंवर्धनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे स्वीकारलेल्या सनदेत असे म्हटले आहे, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि जे नवे जोडणे अपरिहार्य असेल त्यावर आजच्या काळाची खूण दिसली पाहिजे. प्रत्यक्षात हे कसे दिसते याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. इंग्लंडमधील सफोक परगण्यात स्नेप मॉल्टिंग्ज या जुन्या औद्योगिक आवारात कबुतरखान्याची एक पडकी वास्तू होती. हॉवर्थ टॉम्पकिन्स या वास्तुरचनाकारांनी तिच्या आत बसेल अशी गंजरंगी पोलादाची (ज्याच्यावर धरलेला गंजाचा थरच त्याचे रक्षण करतो) एकसंध खोली शेजारच्या जागेत जोडून घेतली आणि क्रेनने उचलून भिंतींच्या मध्ये उतरवली. २००९ साली कलाकारांसाठी कार्यशाळा म्हणून ती वापरात आली. जुन्या विटा, जुन्या खिडक्या आणि भिंतीवर वाढलेली झाडोरी यांना शक्य तितका कमी हात लावला गेला. दुसरे उदाहरण नॉर्थहॅम्प्टनशायरमधील ग्रेटन येथील चर्मपत्राच्या कारखान्याचे. तिथल्या मालकांचा मूळ बेत शेजारचा गोठा वापरून कारखान्याचे अवशेष पाडण्याचा होता. विल गॅम्बल यांच्या कार्यालयाने त्या अवशेषांच्या आतच घराचा नवा भाग बसवण्याचा प्रस्ताव दिला आणि २०१९ साली तो पूर्ण झाला. दोन्ही ठिकाणी जुने आणि नवे एकमेकांत मिसळलेले नाहीत, तरी एकमेकांवाचून ते अपुरे वाटतात.

आधी पाणी

नकाशे काढण्याआधी, वास्तुरचनाकार नेमण्याआधीसुद्धा, एक काम करावे लागते आणि ते म्हणजे भिंतींत शिरणारे पाणी थांबवणे. छप्पर गेल्यावर भिंतीचा माथा उघडा पडतो. जाड दगडी भिंत बहुधा दोन पदरांची असते आणि त्या पदरांच्या मध्ये दगडगोटे व चुन्याची भर घातलेली असते. माथ्यावरून शिरलेले पाणी ही भर हळूहळू धुऊन नेते, पोकळ्या तयार होतात, बाहेरचा पदर फुगतो आणि एखाद्या मोसमात तो अख्खाच सुटून पडतो. थंड प्रदेशात याच्या जोडीला गोठण्याचा त्रास असतो, कारण पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ओल्या दगडाचे कवच त्या दाबाने उडते.

म्हणून पहिल्या हंगामातच परांचीवर तात्पुरते छप्पर घालावे. तेवढे शक्य नसेल तर निदान भिंतींचे माथे झाकावेत. झाकणाखालून हवा खेळली पाहिजे, कारण प्लास्टिक घट्ट गुंडाळल्यास आतली ओल आतच कोंडते. कललेल्या भिंतींना धिरे द्यावेत आणि हे धिरे कोणत्या कोनात, कोणत्या आधारावर उभे करायचे ते संरचना अभियंत्याने ठरवावे. धिऱ्याचा पाय मऊ जमिनीत खचला, तर तो धिरा भिंतीला आधार देण्याऐवजी तिला धोका ठरतो.

भिंतीवरच्या वेली आणि झाडे उपटण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मुळे दरजांमध्ये, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांत, खोलवर गेलेली असतात आणि ओढताना त्यांच्याबरोबर दगड निघून येतात. खोड जमिनीलगत कापावे, वेल पूर्ण वाळू द्यावी आणि भिंतीचा तो भाग दुरुस्तीला घेतला जाईल तेव्हाच मुळे हाताने काढावीत. कित्येकदा जाड खोडच भिंतीचा एखादा कोपरा धरून उभे असते, तेव्हा दुरुस्ती सुरू होईपर्यंत त्याला हात लावू नये.

वास्तू समजून घेणे

मोजणीसाठी आज लेझर स्कॅनर उपलब्ध आहेत आणि वेड्यावाकड्या भिंतींसाठी ते फार उपयोगी पडतात, कारण अशा वास्तूत एकही कोपरा काटकोनात नसतो आणि नवा सांगाडा कारखान्यात कापून आणायचा असेल तर काही मिलिमीटरची चूकही जागेवर अडचण करते. पण स्कॅनर फक्त पृष्ठभाग टिपतो. भिंतीच्या पोटात पोकळी आहे का, हे अनुभवी गवंडी हातोडीने ठोकून, आवाजावरून सांगतो. शंका असेल तिथे लहान छिद्र पाडून आत कॅमेरा घालता येतो. ओळंबा लावून प्रत्येक भिंत किती कलली आहे ते नोंदवावे. पायाशेजारी दोन-तीन ठिकाणी खड्डे खणून पाया किती खोल आणि कशाचा आहे ते प्रत्यक्ष पाहावे. जुन्या औद्योगिक इमारतींचे पाये अनेकदा आश्चर्यकारकपणे उथळ असतात, मात्र यंत्रांच्या बैठका तितक्याच आश्चर्यकारकपणे भक्कम असतात आणि त्या पुढे नव्या बांधकामाच्या कामी येऊ शकतात.

तड्यांच्या बाबतीत तडा किती रुंद आहे यापेक्षा तो अजून हलतो आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तड्याच्या दोन्ही बाजूंना मोजपट्ट्या बसवून वर्षभर नोंदी घ्याव्यात. चिकणमातीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे एकाच ऋतूतील नोंदीवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. वर्षभर थांबणे अनेकांना परवडत नाही, असे सांगितले जाते. माझ्या मते या वर्षभरात परवानग्या, मातीची तपासणी आणि आराखडा ही कामे सहज सामावतात, त्यामुळे वाया जाणारा वेळ असा फारसा उरतच नाही.

वास्तूचा जुना धंदा नीट समजून घेणे हाही पाहणीचाच भाग आहे. जुने नकाशे, जमिनीच्या नोंदी, विम्याची कागदपत्रे आणि छायाचित्रे यांतून कुठे कोणते यंत्र होते, धुराडे कुठून जात होते, पाणी कोणत्या पाटाने येऊन कुठे बाहेर पडत होते हे कळते. पाणचक्कीत चाकाचा खड्डा आणि जमिनीखालून जाणारा बंदिस्त पाट असतो, भट्टीच्या आवारात जमिनीखाली धुराचे बोगदे असतात, कातडीच्या कारखान्यात चुन्याची व रसायनांची कुंडे बुजवलेली असतात. नवा पाया नकळत अशा पोकळीवर आला, तर पुढचे सगळे काम धोक्यात येते.

जमिनीत मुरलेले

गावातील कारखाना म्हणजे निर्मळ जागा, असा समज करून घेऊ नये. कातडी कमावण्याच्या जागी क्रोमियम आणि आर्सेनिक सापडू शकते, तसेच सांसर्गिक काळपुळीच्या (ॲन्थ्रॅक्सच्या) जंतूंचे बीजाणू मातीत अनेक दशके तग धरून राहू शकतात. इंजिनघराच्या जमिनीत तेल मुरलेले असते, कोळशापासून वायू तयार करणाऱ्या आवारात डांबर असते आणि जुन्या रंगांत शिसे असते. विसाव्या शतकात दुरुस्तीसाठी घातलेले सिमेंटचे पत्रे आणि वाफेच्या नळांवरील वेष्टने यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीतच धरावी. युरोपीय संघाने त्याच्या वापरावर २००५ पासून पूर्ण बंदी घातली, पण आधी बसवलेले पत्रे अजून जागोजागी आहेत. तुटलेला पत्रा झाडूने गोळा करणे हे या कामातले सर्वांत घातक कृत्य आहे, कारण त्यातून उडालेले तंतू फुप्फुसात कायमचे रुततात.

मातीची तपासणी दोन टप्प्यांत करावी. पहिल्या टप्प्यात कागदपत्रांवरून संशयाच्या जागा ठरवाव्यात आणि दुसऱ्या टप्प्यात त्या जागांवरून नमुने घेऊन प्रयोगशाळेत द्यावेत. दूषित माती दरवेळी उचलून न्यावी लागतेच असे नाही. काही वेळा तिच्यावर स्वच्छ मातीचा जाड थर किंवा फरशी घालून संपर्क तोडता येतो. मात्र हा निर्णय तज्ज्ञाने घ्यावा आणि तो भाजीपाल्याची बाग कुठे करायची हे ठरण्याआधी व्हावा.

परवानग्यांविषयी थोडक्यात एवढेच, की औद्योगिक जागेचा निवासी वापर करण्यासाठी बहुतेक देशांत वापरबदलाची मंजुरी लागते, वास्तू संरक्षित यादीत असेल तर एकेका विटेसाठी संमती घ्यावी लागते, आणि पडक्या भिंतींत वटवाघळे किंवा घुबडे वस्तीला असतील तर कित्येक ठिकाणी कायद्याने त्यांच्या विणीच्या काळात काम थांबवावे लागते. नियोजन कार्यालयात पूर्ण आराखडा घेऊन जाण्यापेक्षा आधी पाहणीचा अहवाल घेऊन जावे. वास्तू नीट अभ्यासली आहे असे दिसले, की पुढचे बोलणे अधिक मोकळेपणाने होते.

घराच्या आतले घर

आराखड्यातील सर्वांत मोठा निर्णय खोल्यांचा नसतो. जुनी भिंत घराच्या उबेच्या आत येणार की बाहेर राहणार, हा तो निर्णय होय. हा प्रश्न सोडवण्याची एक साधी रीत आहे. इमारतीचा उभा छेद कागदावर काढावा आणि त्यावर पेन्सिल न उचलता दोन रेषा ओढाव्यात, एक पाऊस अडवणारी आणि दुसरी उष्णता अडवणारी. पाया, भिंत, छप्पर आणि पुन्हा पाया असा फेरा घेताना पेन्सिल जिथे अडते, तिथे पुढे ओल येणार किंवा थंडी शिरणार हे निश्चित समजावे. जुनी भिंत खिंडारांनी भरलेली असेल, तर ती दोन्ही रेषांच्या बाहेर ठेवावी, म्हणजे ती पूर्वीप्रमाणे भिजू शकते, वाळू शकते आणि तिला गुळगुळीत करण्याची गरजच उरत नाही.

अशा वेळी नवे घर जुन्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून उभे राहते. हे अंतर काळजीपूर्वक आखावे लागते. त्यातून हवा वाहिली पाहिजे, तळाशी आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट हवी, वर पाने व पक्षी अडवणारी जाळी हवी आणि कुठूनतरी आत डोकावून पाहता आले पाहिजे. जिथे पाहता येत नाही तिथे साचलेला कचरा काही वर्षांत ओलीचा पूल बनतो आणि दोन भिंती वेगळ्या ठेवण्याचा सगळा हेतू फुकट जातो.

सांगाड्यासाठी पोलाद, ओकसारखे टणक लाकूड किंवा लाकडी फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेली तक्तपोशी वापरता येते. माझा कल लाकडी तक्तपोशीकडे आहे. ती वजनाला हलकी असते, कारखान्यात मापात कापून येते आणि चार भिंतींच्या आत, जिथे मोठ्या यंत्राला शिरायला जागा नसते, तिथे वरून उतरवून काही दिवसांत उभी करता येते. सांगाड्याचा पाया जुन्या पायापासून वेगळा ठेवावा. जुन्या पायालगत खोल चर खणणे धोक्याचे असल्यामुळे अशा जागी जमिनीत लहान व्यासाचे खांब उतरवून त्यांवर तुळया टाकणे सोयीचे ठरते. जुनी वास्तू शतकभर खचून आता स्थिरावलेली असते, नवी मात्र खचायला नुकतीच सुरुवात करणार असते. दोघींना घट्ट बांधून टाकले, तर हा फरक तड्यांच्या रूपाने बाहेर पडतो.

तरीही एका बाबतीत नव्याने जुन्याला मदत करायची असते. छप्पर आणि मजले गेल्यामुळे उंच भिंतींना आडवा आधार राहिलेला नसतो आणि वाऱ्याच्या दाबाने त्या डोलतात. नव्या सांगाड्यातून ठराविक अंतरावर स्टेनलेस पोलादाच्या अशा कड्या काढाव्यात, ज्या भिंतीला आत-बाहेर कलू देत नाहीत पण वर-खाली सरकायला मोकळी ठेवतात. धिरे काढण्याआधी ही जोडणी पूर्ण झालेली असली पाहिजे.

काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा निर्णय मात्र कोणतीही पद्धत घेऊन देत नाही. स्पॅनिश वास्तुरचनाकार रिकार्डो बोफिल यांनी १९७३ साली बार्सिलोनाजवळ सांत जुस्त देस्वेर्न येथील बंद पडलेला सिमेंटचा कारखाना हाती घेतला, तेव्हा तिथे तीसहून अधिक कोठारे होती. पाडकाम दीड वर्षाहून अधिक काळ चालले आणि शेवटी आठ कोठारे ठेवण्यात आली, ज्यांत त्यांचे कार्यालय आणि शेजारी निवासस्थान वसले. एवढे पाडकाम प्रत्येक ठिकाणी करावे असे मुळीच नाही, पण तिथल्या कामाची शिस्त शिकण्यासारखी आहे: जे ठेवले ते त्याच्या आकारामुळे, उजेडामुळे आणि जागेच्या भव्यतेमुळे ठेवले गेले. औद्योगिक वास्तूत घरापेक्षा कितीतरी मोठे अवकाश असतात आणि ते मजले घालून खोल्यांत चिरून टाकले, की ज्यासाठी ती वास्तू घेतली तेच गमावले जाते. निदान एक जागा तरी जमिनीपासून छपरापर्यंत मोकळी ठेवावी.

चुन्याचे काम

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर ती चुन्यानेच दुरुस्त करावी, याला माझ्या दृष्टीने अपवाद नाही. दरजेतला माल विटेपेक्षा नेहमी मऊ आणि अधिक सच्छिद्र असला पाहिजे. भिंतीतली ओल दरजांतून बाहेर पडते, क्षार तिथेच जमतात आणि भिंत हलली तर बारीक चिरा दरजेत पडतात. काही दशकांनी दरजा नव्याने भरल्या, की भिंत पूर्ववत होते. सिमेंटने भरलेली दरज याच्या उलट वागते. ती ओल अडवते, मग ओल विटेतून बाहेर पडते आणि विटेचा चेहरा झडत जातो. सिमेंटची दरज शाबूत आणि दोन्ही बाजूंची वीट पोखरलेली, असे दृश्य जुन्या वास्तूंत सर्रास दिसते.

भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात विरवून केलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीत बदलतो. ही क्रिया महिनोन्महिने चालते आणि तिला थोडा ओलावा लागतो. त्याहून लवकर आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना म्हणजे नैसर्गिक जलदृढ चुना. युरोपीय मानकात त्याच्या २, ३.५ आणि ५ अशा तीन प्रती आहेत आणि हे आकडे २८ दिवसांनंतरची किमान दाबक्षमता मेगापास्कलमध्ये दाखवतात. मऊ विटांच्या आतल्या भिंतीला कमी प्रतीचा चुना पुरतो. पावसाच्या माऱ्यात असलेल्या भिंतीच्या माथ्याला जास्त प्रतीचा लागतो. सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक भुकटी, साध्या चुन्यात मिसळल्यास त्यालाही काहीशी जलदृढता येते आणि जुन्या बांधकामांत ती अनेकदा सापडते.

दरजा साफ करताना विजेवर चालणारे कापणीचे चाक वापरू नये. ते विटांच्या कडा कापत जाते आणि ती इजा कायमची असते. छिन्नी आणि हातोडीने सैल माल काढावा, दरज तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करावी, पाणी मारावे आणि मग एक भाग चुना व अडीच ते तीन भाग टोकदार कणांची, बारीक-जाड मिश्र वाळू यांचा घट्टसर माल दाबून भरावा. भरल्यावर ओले गोणपाट लावून ऊन आणि वारा अडवावा. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाण्याची शक्यता असेल, तर काम पुढच्या मोसमावर ढकलावे. घाईने सुकलेला चुना बोट लावताच भुकटी होऊन गळतो.

भिंतीच्या पोटातील पोकळ्या भरण्यासाठी चुन्याची पातळ रबडी तळाकडून वर, थोड्या थोड्या उंचीच्या टप्प्यांनी आणि अगदी कमी दाबाने सोडावी. एकदम भरल्यास ओल्या मालाचा दाब बाहेरचा पदर ढकलून देतो. माथ्याच्या बाबतीत दोन पर्याय आहेत. एक म्हणजे चुन्यात बसवलेल्या दगडांचा उतरता थर आणि दुसरा म्हणजे माती व गवताचे आच्छादन, जे पाणी शोषून घेते, तापमानातील चढउतार मंदावते आणि तुटक्या भिंतीची रेषाही बिघडवत नाही. घराच्या छपराबाहेर राहणाऱ्या भिंतींना मी दुसरा पर्याय सुचवीन.

पाडकामातून निघालेल्या विटा वेगळ्या रचून ठेवाव्यात. चुन्यातल्या विटा सहज साफ होतात, सिमेंटमधल्या मात्र फुटतात. वाळू मारून भिंती स्वच्छ करण्याचा सल्ला देणारा कंत्राटदार नाकारावा, कारण विटेचे भाजलेले कवच एकदा गेले की आतला मऊ भाग पावसाला उघडा पडतो. काजळी, रंगाचे थर, यंत्रांच्या पट्ट्यांनी घासून पडलेल्या खुणा यांतच त्या जागी झालेल्या श्रमांची नोंद आहे.

जुने लोखंड

लोखंडी सांगाड्याची पहिली इमारत म्हणून ओळखली जाणारी इंग्लंडमधील श्रूसबरी येथील डिदरिंग्टनची अळशीच्या धाग्याची गिरणी १७९७ साली चार्ल्स बेज यांच्या रचनेनुसार बांधली गेली. तिच्यानंतर ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया गिरण्यांत सर्वत्र पसरल्या. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही आणि वाकण्याऐवजी अचानक तुटते. त्यामुळे जुना ओतीव खांब जागेवर ठेवता येतो, ओतीव तुळईवर मात्र नवा भार टाकण्याआधी अभियंत्याचा हिशेब हवा. त्यावर वेल्डिंग करू नये, कारण स्थानिक उष्णतेने त्याला तडा जातो. दोन तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी असतील, तर तुळयांना जोडणाऱ्या लोखंडी सळया कधीही कापू नयेत; कमानींचा बाहेरच्या दिशेचा रेटा त्याच धरून ठेवतात. दगडांत रुतलेल्या जुन्या पट्ट्या गंजत असतील तर त्या काढून स्टेनलेस बसवाव्यात, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि दगड फोडतो. आगीच्या दृष्टीने उघडे पोलाद सुमारे ५५० अंशांवर जवळपास निम्मी ताकद गमावते, म्हणून भार घेणाऱ्या प्रत्येक भागाला आगीत फुगणारा संरक्षक रंग द्यावा.

ओल, क्षार आणि ऊब

जिथे जुनी भिंत घराच्या आत घ्यायची आहे, तिथे तिला आतून ऊबरोधक लावताना फार सावध राहावे. आतून ऊब अडवली की भिंत अधिक थंड होते, घरातील बाष्प तिच्यावर जाऊन पाणी होते आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोके कुजतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीचा धोका सुरू होतो. अशा भिंतींना लाकडी तंतूंचे तक्ते, बूच किंवा भांगाच्या काड्या मिसळलेला चुना यांसारखे बाष्प जाऊ देणारे साहित्य वापरावे आणि त्यावर चुन्याचाच गिलावा करावा.

कातडी, खत, मीठ किंवा जनावरे जिथे वर्षानुवर्षे होती त्या भिंतींना लोणा लागलेला असतो. हे क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात, त्यामुळे पाणी कुठूनही येत नसतानाही भिंत ओली दिसते. त्यावर जलरोधक रंग लावल्याने काहीच साधत नाही. ओल्या मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा लेप लावून क्षार बाहेर ओढावेत, किंवा काही वर्षांनी काढून टाकायचाच आहे या हिशेबाने मऊ चुन्याचा गिलावा करावा. जमीन करतानाही हाच विचार ठेवावा: सिमेंट काँक्रीट आणि प्लास्टिकचा पदर घातला की जमिनीतली ओल कडेच्या भिंतींत चढते, त्याऐवजी फुगवलेल्या काचेच्या खड्यांचा थर आणि त्यावर चुन्याचा कोबा घातल्यास ओल अडत नाही आणि जमिनीखालून ऊब देणारे नळही त्यात बसतात.

खिडक्यांच्या बाबतीत नवी चौकट तुटक्या झरोक्यात बसवण्याऐवजी ती आतल्या घराच्या भिंतीत, झरोक्याच्या मागे आणि त्याहून मोठी बसवावी. बाहेरून चौकट दिसत नाही, झरोक्याची कड मूळ स्वरूपात राहते आणि पावसाचा मारा जुन्या भिंतीवरच थांबतो. झरोक्यावरची लाकडी पट्टी कुजलेली असेल तर ती धिरे देऊन बदलावी. छपरासाठी गंजरंगी पोलाद निवडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्याचा संरक्षक थर भिजणे आणि वाळणे आलटून पालटून घडल्यावरच तयार होतो. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ते गंजतच राहते आणि सुरुवातीच्या काळात त्यावरून ओघळणारे पाणी फिक्या दगडावर तांबूस डाग पाडते. पन्हळ अशी काढावी की ते पाणी भिंतीला न लागता दूर पडेल.

नळ, तारा आणि सांडपाणी यांचे मार्ग जुन्या भिंतीत खाचा न पाडता नव्या सांगाड्यातून न्यावेत. गावाबाहेरच्या जागी क्रेनला पोहोचण्याइतका रस्ता आणि वळण आहे का, हे सांगाड्याची मागणी नोंदवण्याआधी मोजून पाहावे. खर्चाच्या अंदाजात निदान पाचवा हिस्सा अनपेक्षित कामांसाठी वेगळा ठेवावा आणि तो सजावटीकडे वळवू नये, कारण भिंत उघडल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे हे कळत नाही.

घर राहते झाल्यावर दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर भिंतींचे माथे, पन्हळी आणि दोन भिंतींमधले अंतर पाहावे, उगवलेली रोपटी लहान असतानाच काढावीत आणि तड्यांवरच्या मोजपट्ट्या काढून न टाकता त्यांच्या नोंदी चालू ठेवाव्यात. कोणत्या भिंतीत कोणत्या प्रमाणाचा चुना भरला, कुठे रबडी सोडली, कुठे स्टेनलेसच्या कड्या आहेत आणि मातीत काय बुजवले आहे, याची नकाशांसह वही घरातच ठेवावी, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला येणाऱ्या गवंड्याला भिंत फोडून शोध घ्यावा लागणार नाही.